दूध प्यावे की न प्यावे? जपानमधल्या आपल्या घरांसाठी थोडी माहिती



आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या पंगतीत हमखास निघणारा एक विषय म्हणजे दूध. आठवीतल्या मुलीच्या गालावर मुरुमं आली की एक वहिनी सांगतात, "दूध बंद कर, आठ दिवसांत फरक पडेल." भारतातून चार महिन्यांसाठी आलेल्या आजींना हे ऐकवत नाही. त्या म्हणतात, "अगं, दूध तोडलंस तर पोरीच्या अंगावर तेज कुठून येणार?" तिसऱ्या काकू सांगतात की त्यांच्या मुलाला शाळेतले दूध प्यायले की पोटात गुडगुडते. तिघींचेही अनुभव खरे आहेत, पण तिघी तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. म्हणून या अंकात आम्ही हा विषय जरा सविस्तर घ्यायचे ठरवले. आम्ही डॉक्टर नाही. वाचून, विचारून आणि पडताळून जे कळले ते साध्या शब्दांत मांडत आहोत.

आधी थोडा इतिहास

दूध जपानी जेवणातले मूळचे नाही. प्राचीन काळी दरबारात दुधाचे पदार्थ होते, बौद्ध ग्रंथांतून दूध-दही-लोणी-तुपाच्या उपमाही इथे पोहोचल्या. एखाद्या गोष्टीतली खरी गोडी सांगायला जपानी माणूस आजही 'दाइगोमि' म्हणतो. त्यातला 'दाइगो' म्हणजे दुधावर एकामागून एक संस्कार करत शेवटी मिळणारे सार, जवळजवळ आपले तूपच! पण सामान्य माणसाच्या घरी दूध नव्हते. मेइजी सम्राट दूध पिऊ लागल्याची बातमी १८७१ साली आली आणि मग हळूहळू शहरांत दूध दिसू लागले.

घराघरात दूध पोहोचले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तेही शाळेच्या दारातून. डिसेंबर १९४६ मध्ये परदेशी मदतीच्या साहित्यावर तोक्यो, कानागावा आणि चिबा इथे शाळेतले जेवण पुन्हा सुरू झाले. १९४९ पासून युनिसेफची दूध भुकटी आली. १९५४ मध्ये शालेय भोजनाचा कायदा झाला. शेजारच्या जपानी आजोबांना विचारून पाहा, त्या भुकटीच्या दुधाचा वास आठवून ते अजूनही नाक मुरडतील. आज आपली मुले क्यूशोकुमध्ये जो २०० मिलिलिटरचा डबा किंवा बाटली पितात, त्याच्यामागे हा इतिहास आहे.

गंमत म्हणजे या दुधाबद्दल जपानमध्येही वाद झाला. नीगाता प्रांतातल्या सान्जो शहराने डिसेंबर २०१४ पासून चार महिने शाळेतल्या जेवणातून दूध काढून पाहिले. कारण काय, तर भाताच्या जेवणाबरोबर दूध जात नाही! दूधभातावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना याचे हसू येईल. पण मुलांना लागणारे कॅल्शियम आणायचे कुठून, हा प्रश्न होताच. शेवटी दूध परत आले, फक्त जेवणाबरोबर न देता वेगळ्या वेळेला. हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे आपल्यालाही तोच पडणार आहे.

गोरेपणा, काळेपणा आणि कोड

"चहा पिऊ नकोस, काळा होशील. दूध पी, गोरा होशील." लहानपणी हे न ऐकलेला मराठी माणूस विरळाच. त्वचेचा रंग ठरतो तो मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यावर. ते किती आणि कसे तयार व्हायचे हे आईवडिलांकडून येते, आणि उन्हाने त्यात भर पडते. दूध पोटात गेले की त्याचे पचन होते. त्याचा पांढरा रंग गालापर्यंत पोहोचायला वाटच नाही. मुलांना चहा कमी द्यावा हे बरोबर आहे, पण त्याचे कारण झोप आणि लोह, रंग नव्हे. आणि मुळात सावळा रंग म्हणजे काही दुरुस्त करायची गोष्ट नाही, हेही मुलींना आपणच सांगायला हवे.

दुसरी भीती जपानमध्ये आल्यावर जास्त जाणवते. शाळेच्या महिन्याच्या मेनूत भाजलेला मासा आणि दूध एकाच ताटात असते. ते पाहून अनेक आज्यांच्या काळजाचा ठोका चुकतो, कारण मासे आणि दूध एकत्र खाल्ले की कोड उठते असे आपल्याकडे मानतात. चरकसंहितेत मासे आणि दूध हा विरुद्ध आहार सांगितला आहे, त्यामुळे ही समजूत जुनी आहे. परंतु कोड हा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने रंगपेशींवर हल्ला केल्याने होणारा विकार आहे. तो अन्नाच्या जोडीने होतो असे दिसलेले नाही. जपानमध्ये तर पिढ्यान् पिढ्या मुले शाळेत मासा आणि दूध एकत्र घेत आली आहेत. तुम्हाला रुचत नसेल तर घरी जरूर वेगळे ठेवा, पण मुलाने शाळेत खाल्ले म्हणून घाबरू नका.

मुरुमांचे काय?

इथे मात्र वहिनींच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४७ हजारांहून अधिक परिचारिकांना त्यांच्या शाळेच्या वयातला आहार विचारला होता. जास्त दूध पिणाऱ्यांमध्ये मुरुमांचे प्रमाण थोडे जास्त आढळले. विशेष म्हणजे साय काढलेल्या दुधात हा संबंध अधिक दिसला, म्हणजे दोष स्निग्धांशाचा नसावा. नंतरच्या अभ्यासांतही साधारण तसेच चित्र आले. दुधाने शरीरातले इन्सुलिन आणि वाढीला मदत करणारे एक संप्रेरक किंचित वाढते, त्यामुळे त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त काम करत असाव्यात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, हा संबंध लहान आहे, आणि 'दूध पिणाऱ्यांत मुरुमं जास्त दिसली' म्हणजे 'दुधानेच आली' असे सिद्ध होत नाही. दोन, दही आणि चीज यांच्याबाबत तसा ठोस पुरावा मिळालेला नाही. वयात येताना मुरुमं येतातच. दूध न पिणाऱ्यांनाही येतात.

म्हणून आमचा सल्ला असा. मुलीला किंवा मुलाला शंका असेल तर महिना-दोन महिने पिण्याचे दूध कमी करून बघा आणि त्याऐवजी दही-ताक द्या. व्यायामशाळेत जाणारी मुले व्हे प्रोटीनची भुकटी घेत असतील तर आधी ती थांबवून बघा, कारण तीही दुधापासूनच बनते. फरक दिसला तर उत्तम. नाही दिसला तर दूध पुन्हा सुरू करा आणि सरळ हिफुकात, म्हणजे त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. इथे मुरुमांचे नेहमीचे उपचार आरोग्य विम्यात बसतात. ॲडापॅलिनचे मलम २००८ पासून आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २०१५ पासून जपानमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. ॲडापॅलिन तेव्हा चालत नाही.

साय आणि डाळीचे पीठ

जपानचा हिवाळा कोरडा, त्यात घरात हीटर. मग साय आणि डाळीच्या पिठाचे लेपण आठवते. धडधाकट त्वचेच्या मोठ्या माणसाला सायीच्या स्निग्धतेने तात्पुरते मऊ वाटते, एवढे खरे. पण इसबामुळे त्वचा तडकलेल्या बाळाला दूध, साय किंवा पीठ चोळू नये. फुटलेल्या त्वचेतून अन्नातली प्रथिने आत गेली की शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकते. जपानला हा धडा फार महागात मिळाला. 'चा नो शिझुकु' नावाच्या चेहऱ्याच्या साबणात गव्हाचे प्रक्रिया केलेले प्रथिन होते. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाल्याचे निदान झाले. ज्यांनी आयुष्यभर पाव आणि उदोन खाल्ले होते, त्यांना ते खाऊन त्रास होऊ लागला. २०११ साली तो साबण परत मागवण्यात आला. बाळासाठी डॉक्टरांनी दिलेले साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर बरे.

पोट बिघडणे वेगळे, ॲलर्जी वेगळी

हा भाग कृपया नीट वाचा, कारण इथे गल्लत झाली तर जिवावर बेतू शकते.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे पाचकद्रव्य लहानपणी सर्वांना असते. मोठेपणी जगातल्या बहुसंख्य लोकांत ते कमी होते. जपानी लोकांत तर बहुतेकांचे होते. भारतात उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे तसे दूध सहज पचवणाऱ्यांचे प्रमाण घटत जाते, आणि आपण मराठी माणसे अधेमधे! त्यामुळे एकाच घरात नवऱ्याला दूध मानवते आणि बायकोला नाही, असे होऊ शकते. गुडगुडणे, फुगणे, जुलाब हा त्रास होतो, पण त्यात धोका नसतो. अशा अनेकांना एका वेळी पेलाभर दूध, तेही जेवणाबरोबर, चालून जाते. दह्यात लॅक्टोज कमी होते, म्हणून ते आणखी सोपे. इथल्या दुकानात लॅक्टोज कमी केलेले 'आकादि' नावाचे दूधही मिळते.

ॲलर्जी मात्र दुधातल्या प्रथिनांची असते. दूध घेतल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठणे, ओठ-डोळे सुजणे, उलट्या, खोकला, श्वास लागणे ही तिची लक्षणे. हिला 'थोडेसे चालेल' हा नियम लागू नाही. डिसेंबर २०१२ मध्ये तोक्योतल्या चोफु शहरात दुधाची ॲलर्जी असलेली पाचवीतली मुलगी शाळेच्या जेवणात चीज असलेला पदार्थ पोटात गेल्याने दगावली. त्यानंतर देशभरातल्या शाळांचे नियम कडक झाले, २०१५ मध्ये शिक्षण मंत्रालयाने स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या मुलाला ॲलर्जी असेल तर डॉक्टरांकडून 'गाक्को सेइकात्सु कानरि शिदोह्यो' हा फॉर्म भरून शाळेला द्या. भाषा येत नाही म्हणून तोंडी सांगून सोडून देऊ नका. श्वास लागला तर थेट ११९ ला फोन करा. आणि नुसत्या इसबावरून, तपासणी न करता, बाळाचे दूध स्वतःच्या मनाने तोडू नका.

शाकाहारी घराचा खरा प्रश्न

जपानी माणसाने दूध सोडले तरी त्याच्या ताटात काट्यांसकट खायचे छोटे मासे, अंडी, साल्मन असतात. आपल्यातल्या शाकाहारी घरात दूध गेले की बी-१२ जीवनसत्त्वाचा जवळजवळ एकमेव झरा आटतो. २०० मिलिलिटर दुधात सुमारे २२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ०.६ मायक्रोग्रॅम बी-१२ असते. जपानच्या तक्त्याप्रमाणे १२ ते १४ वयाच्या मुलाला दिवसाला १००० आणि मुलीला ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे.

दुधाऐवजी अनेकजण सोयादूध, म्हणजे तोन्यु, आणतात. इथल्या साध्या तोन्युमध्ये १०० ग्रॅमला फक्त १५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधाच्या सातव्या हिश्शाएवढे. बी-१२ तर नाहीच. मग पर्याय कोणते?

- कोमात्सुना ही पालेभाजी: १०० ग्रॅमला सुमारे १७० मिलिग्रॅम कॅल्शियम. आपल्या पद्धतीने लसूण घालून परतली की छान लागते.
- मोमेन तोफू: १०० ग्रॅमला सुमारे ९०. भुर्जी करा, कोणाला कळणार नाही.
- तीळ: मोठा चमचाभर रोज. तिळाची चटणी इथेही करता येते.
- नाचणी: भारतीय दुकानात पीठ मिळाले तर भाकरी किंवा आंबील.
- शिताके अळंबी: शिजवण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवली की ड जीवनसत्त्व वाढते.

बी-१२ मात्र भाजीपाल्यातून मिळत नाही. दूध-दही पूर्ण बंद असेल तर डॉक्टरांशी बोलून गोळी घ्यावी. दूध घेत असलात तरी पेलाभराने बी-१२ ची पूर्ण गरज भागत नाही, म्हणून शाकाहारी मंडळींनी रक्ततपासणीत ते एकदा बघून घ्यावे.

उलट टोकही वाईट. वर्षाच्या आतल्या बाळाला गाईचे दूध पिण्यासाठी देऊ नये, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाला दिवसभर बाटल्याच बाटल्या दिल्या तर ते जेवत नाही आणि रक्तातले लोह कमी होते. अति तेथे माती.

दुकानात काय बघावे?

खोक्यावर 'शुरुइबेत्सु' या शब्दापुढे जे लिहिले असेल ते वाचा. 'ग्युन्यु' असेल तर ते निव्वळ दूध, किमान ३ टक्के स्निग्धांशाचे. 'तेइशिबो' म्हणजे कमी स्निग्धांशाचे, 'मुशिबो' म्हणजे जवळजवळ बिनसायीचे. 'न्युइनर्‍यो' म्हणजे दुधाचे पेय, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. ग्युन्युमध्ये काहीही मिसळता येत नाही, म्हणून अमेरिकेतल्या दुधासारखे त्यात ड जीवनसत्त्व घातलेले नसते. ते हवे असेल तर न्युइनर्‍योच्या खोक्यावर शोधा. वाचता येत नसेल तर खोक्याच्या वरच्या कडेवर बोट फिरवा. अंध व्यक्तींना ओळखता यावे म्हणून २००१ पासून ग्युन्युच्या मोठ्या खोक्यांवर अर्धगोल खाच असते.

आणि नव्याने आलेल्या सर्वांची तक्रार, "या दुधाला सायच येत नाही!" दूध भेसळीचे नाही. स्निग्धांशाचे कण बारीक फोडून ते एकजीव केलेले असते, म्हणून साय वर येत नाही. 'नोन-होमो' लिहिलेले दूध मिळाले तर घेऊन बघा. विरजणाला दुकानातले साधे, बिनसाखरेचे दही चालते.

तर मंडळी, सार एवढेच. दूध अमृत नाही आणि विषही नाही. ते ज्याला मानवते त्याने खुशाल प्यावे, ज्याला मानवत नाही त्याच्यावर जबरदस्ती करू नये, आणि तोडायचे असेल तर ताटात त्याच्या जागी काय येणार हे आधी ठरवावे. वहिनींनी मुलीचे दूध कमी करून दह्याची वाटी वाढवली, तर आजींनीही रागावू नये. नातवंडे म्हणजे दुधावरची साय, तिची काळजी दोघींनाही सारखीच!

तुमचे अनुभव आणि तोफू-कोमात्सुनाच्या पाककृती आम्हाला जरूर कळवा. चूकभूल द्यावी घ्यावी.