मोक्षपटाच्या धर्तीवर मार्जारपट

ज्ञानेश्वरांच्या नावे परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या मोक्षपटात जशा सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे सर्प, तसाच मांजर दत्तक घेण्याचा पट, लोणावळ्यात, जिथे सुटीपुरते उघडणारे कित्येक बंगले सुटी सरताच कुलूपबंद होतात, तेथील मुलांपुढे अवश्य मांडावा. खेळाडूने सोंगटी मालकाची न घेता मांजराची घ्यावी, हे त्याचे मर्म. कारण मावळच्या मुसळधार पावसात बंद दाराशी उपाशी थांबण्याचा डाव स्वतःच्या वाट्याला आल्यावाचून अनुकंपा सहसा जागत नाही. ८ आठवड्यांआधी आईपासून तोडलेले पिल्लू हा साप. लसीकरण, निर्बीजीकरण आणि सुमारे १५ वर्षांच्या पालनाची तजवीज या शिड्या. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर विनाकारण टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे; ते कलमही पटावर ठळक छापावे.