अस्लान : एका नावाचे दोन वारसदार

आर्मेनियन आणि तुर्की समाजांचा अलीकडचा इतिहास रक्तपाताने डागाळलेला असला, तरी कित्येक शतकांच्या शेजारामुळे त्यांच्या नावांत झालेली सरमिसळ अद्याप टिकून आहे. ‘अस्लान’ हे तिचे ठळक उदाहरण होय. तुर्की भाषाकुलातील ‘अर्स्लान’ म्हणजे सिंह. ‘अस्लान’ हे त्याचेच तुर्कस्तानात रुळलेले रूप. प्रारंभी हा शब्द राज्यकर्त्यांचे बिरुद होता. सेल्जुक सुलतान मुहंमद हा ‘अल्प अर्स्लान’, म्हणजे शूर सिंह, या बिरुदानेच इतिहासाला ठाऊक आहे. त्याने १०६४ मध्ये आर्मेनियनांची जुनी राजधानी आनी जिंकली आणि १०७१ मध्ये मांझिकर्टच्या लढाईत बायझंटाइन सम्राट चौथा रोमानोस यास कैद केले.

आनी जिंकणाऱ्याचे हे बिरुद पुढे आर्मेनियन घरांतही रुजले. आर्मेनियनांना सिंहाचे स्वतःचे नाव नव्हते असे नाही. सिलिसियाच्या आर्मेनियन राज्याचा पहिला राजा लेव्होन याचे नाव सिंहवाचकच होते आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर सिंह कोरलेले आढळतात. परंतु ऑटोमन साम्राज्यात तुर्की ही बाजाराची व कारभाराची भाषा झाली आणि अनेक आर्मेनियन कुटुंबे घरातही तीच बोलू लागली; १८५१ मधील ‘अकाबी हिकायेसी’ ही कादंबरी तर तुर्की भाषेत, पण आर्मेनियन लिपीत छापली गेली. अशा वातावरणात अस्लान हे व्यक्तिनाम झाले आणि त्यास वंशदर्शक ‘यान’ हा प्रत्यय लागून ‘अस्लानयान’, म्हणजे अस्लानचे वंशज, हे आडनाव सिद्ध झाले.

त्यामुळे ओळख मूळ नावात न राहता प्रत्ययात राहिली, आणि म्हणूनच राज्यसत्तेची नजर प्रत्ययावर गेली. तुर्कस्तानने १९३४ मध्ये आडनावे सक्तीची केली, तेव्हा संबंधित नियमावलीने नव्या आडनावांत ‘यान’सारखे परकीय ठरवलेले प्रत्यय वापरण्यास मनाई केली. याउलट क्रिकोर अस्लानयान या आर्मेनियन वंशाच्या नटाने युरोपात ‘ग्रेग्वार अस्लान’ हे नाव घेऊन तोच प्रत्यय आपण होऊन टाकला. ‘किंग ऑफ किंग्ज’ या १९६१ च्या चित्रपटात हेरोड राजाची भूमिका त्याचीच.

हेच नाव रशियन लोककथांतून ‘रुस्लान’ झाले आणि सी. एस. लुइस यांच्या नार्नियातील सिंहालाही मिळाले. नावाच्या उगमावरून ते धारण करणाऱ्याचा वंश ठरवणे किती धोक्याचे असते, हे अस्लानच्या या प्रवासातून स्पष्ट होते.