कागद चार दिवसांचा, गोष्ट शंभर वर्षांची

मित्रांनो, सहलीहून घरी आल्यावर खिसे रिकामे केले की काय काय निघतं? एस.टी.चं चुरगळलेलं तिकीट, नाश्त्याचं बिल, बोटीची पावती. आई म्हणते, "टाक आधी तो कचरा!" आणि आपण टाकूनही देतो. पण जगात काही मंडळी नेमका हाच 'कचरा' शोधत जुन्या बाजारांतून हिंडतात, पैसे मोजून विकत घेतात आणि जिवापाड जपतात. वेडी आहेत का ही माणसं? मुळीच नाही! चला, आज त्यांच्याबरोबर एका दूरच्या गावाचे कागद चाळू या.

या गावाचं नाव बाड गास्टाइन. ऑस्ट्रिया देशात, आल्प्सच्या डोंगरात, सुमारे हजार मीटर उंचीवर ते वसलेलं आहे. 'बाड' म्हणजे जर्मन भाषेत स्नान. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत ना, तसे इथे डोंगराच्या पोटातून गरम पाण्याचे झरे येतात. गावाच्या मधोमध भलामोठा धबधबा कोसळतो. सांधे दुखणारे, आजारातून उठलेले लोक शेकडो वर्षं इथे स्नानाला येत आले आहेत. जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म तर पुन्हा पुन्हा येई. १८२५ मध्ये शूबर्ट हा थोर संगीतकार आला आणि त्याने इथे पियानोसाठी एक सुंदर रचना केली. १८६५ मध्ये ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांचा एक करार इथेच झाला. १९०५ मध्ये आगगाडी आली आणि पाहुण्यांची गर्दी आणखी वाढली.

आता पाहुणे आले की कागद आलेच! हॉटेलचं बिल, त्याच्या माथ्यावर हॉटेलचं ऐटबाज चित्र. स्नानाचं तिकीट. संध्याकाळच्या वाद्यवृंदाची कार्यक्रमपत्रिका. बॅगांवर चिकटवायची रंगीत लेबलं. गावात राहण्याचा कर भरल्याची पावती. शिवाय 'कूरलिस्ट', म्हणजे स्नानासाठी आलेल्या पाहुण्यांची छापील यादी. कोण आलं, कुठून आलं, कुठे उतरलं, सगळं तिच्यात. आणि गंमत पाहा, अशा याद्यांत मालकाचं नाव पदवीसकट झोकात छापलेलं असे, पण पुढे नुसतं 'नोकरांसह'. बॅगा उचलणाऱ्यांना, पाणी तापवणाऱ्यांना नावच नाही! इतिहासाच्या पुस्तकात सम्राट सापडतो. त्याच्या मागून चालणारा माणूस मात्र अशा कागदाच्या कोपऱ्यातच दिसतो, तोही बिननावाचा.

तुम्ही म्हणाल, "कागदावर तारीख नसेल तर तो कधीचा हे कसं कळणार?" इथेच खरी गुप्तहेरगिरी सुरू होते, बरं का!

पहिला धागा पैशाचा. बिलावर नुसते गुल्डन आणि क्रॉयत्सर असतील, तर ते १९०० च्या आधीचं समजायला हरकत नाही. क्रोन आणि हेलर असतील, तर १८९२ ते १९२५ या काळातलं. शिलिंग १९२५ मध्ये आला. मध्येच एखाद्या बिलावर जर्मन मार्क दिसला, तर सावध व्हा. १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि १९४५ पर्यंत तिथे जर्मन पैसा चालला. नंतर शिलिंग परत आला आणि २००२ मध्ये त्याची जागा युरोने घेतली. पाहा, एका साध्या बिलात केवढा इतिहास दडलेला!

दुसरा धागा पोस्टकार्डाचा. जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड ऑस्ट्रियातच निघालं, १ ऑक्टोबर १८६९ रोजी. पुढे चित्रांची कार्डं आली. पण सुरुवातीला मागची अख्खी बाजू पत्त्यासाठी राखून ठेवलेली असे. मजकूर लिहायचा तो चित्राच्या कडेला, दाटीवाटीने. १९०५ च्या सुमारास मागे मधोमध रेघ आली : एकीकडे मजकूर, एकीकडे पत्ता. म्हणून रेघ नसलेलं कार्ड बहुधा जुनं.

आता सांगा पाहू, यात दुर्मीळ काय? सम्राट उतरायचा त्या हॉटेलचं कार्ड? छे! चित्रांची कार्डं लोक हौसेने वहीत लावून ठेवत, म्हणून ती पुष्कळ उरली. स्नानाचं तिकीट मात्र काम झालं की टोपलीत जाई. जे कुणी जपलं नाही, तेच आज सापडत नाही.

या गावाचा एक धागा थेट आपल्यापर्यंत पोहोचतो. नेताजी सुभाषचंद्र बोस उपचारासाठी युरोपात होते. १९३५ मध्ये व्हिएन्नाला त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि १९३६ च्या आरंभी ते विश्रांतीसाठी याच गावी आले. मार्च महिन्यात त्यांना ब्रिटिश वकिलातीचं पत्र आलं : भारतात परत आलात तर मोकळं राहता येईल अशी आशा धरू नका! सुभाषबाबूंनी ही हकीकत पंडित नेहरूंना लिहून कळवली. त्या पत्राच्या माथ्यावर पत्ता आहे 'कुरहाउस होखलांड, बाडगास्टाइन'. आणि इशारा मिळूनही ते निघालेच! एप्रिल १९३६ मध्ये मुंबईला पाऊल ठेवताच त्यांना अटक झाली. पुढे डिसेंबर १९३७ मध्ये ते पुन्हा या गावी गेले आणि आपल्या आत्मचरित्राची बहुतेक प्रकरणं त्यांनी तिथेच लिहिली.

नेहरूंनी ते पत्र जपलं, म्हणून ते १९५८ मध्ये पुस्तकात छापलं गेलं आणि आज आपल्याला वाचता येतं. आता कल्पना करा, त्याच कुरहाउसचं एखादं जुनं माहितीपत्रक रद्दीच्या गठ्ठ्यात पडलंय. ज्याला काही ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने ती रद्दीच. पण तुम्हाला तो पत्ता माहीत आहे. तुमचा हात तिथे थबकेल की नाही?

तेव्हा संग्रह करायचा असेल तर दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवा. पाकिटावरचं तिकीट कापून घेऊ नका, कारण शिक्का, पत्ता आणि तिकीट मिळूनच गोष्ट पुरी होते. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि कागद खाते. प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंदिस्त करू नका. उन्हापासून आणि ओलीपासून जपा. आणि कागद कुठे, कधी, कुणाकडून मिळाला ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. कागदाचं मोल निम्मं त्या चिठ्ठीत असतं.

त्यासाठी आल्प्सला जायलाच हवं असं थोडंच आहे? आजोबांच्या ट्रंकेत डोकावा. त्यांना विचारा, हे तिकीट कुठलं, सोबत कोण होतं? मात्र लवकर विचारा. कागद एक वेळ टिकेल, पण त्याची गोष्ट सांगणारं माणूस कायम जवळ असतंच असं नाही.

मग, पुढच्या सहलीची तिकिटं केराच्या टोपलीत नाही ना टाकणार?