वीजपुरवठ्याच्या डबींतील ट्रान्झिस्टर

संगणकाच्या पेटींत विजेचा पुरवठा करणारी जी धातूची डबी असते ती बंद पडली, कीं कारागिराचा पहिला संशय ट्रान्झिस्टरवर जातो. संशय निराधार नसतो. तथापि जळालेला ट्रान्झिस्टर हा पुष्कळदां अपराधी नसून बळी असतो.

भिंतींतून येणारी २३० व्होल्टची, क्षणोक्षणीं दिशा पालटणारी वीज या डबींत प्रथम एकदिश होते व मोठ्या कपॅसिटरमध्यें सांठते. तेथें तिचा दाब सुमारें ३२५ व्होल्ट होतो. ट्रान्झिस्टर हा दाब सेकंदाला हजारों वेळां तोडतो व जोडतो, आणि त्या ठोक्यांवर चालणारा लहानसा ट्रान्स्फॉर्मर आपणांस हवा तो कमी दाब देतो.

प्लग काढला म्हणजे भय संपलें, असें मात्र समजूं नये. कपॅसिटर आपला सांठा कांहीं मिनिटें, प्रसंगीं त्याहूनही अधिक काळ धरून ठेवतो, आणि तो प्राणघातक असतो. दोन-अडीच हजार ओहमचा, पांच-दहा वॉटचा रेझिस्टर वीजरोधक मुठीच्या चिमट्यानें धरून त्याच्या दोन टोकांस लावावा व दाब उतरल्याची मीटरवर खात्री करावी. पेचकसानें ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची चाल बाजारांत आहे. ती मला बिलकूल पसंत नाहीं. ज्यास अशा कामाची संवय नाहीं, त्यानें डबी उघडूंच नये.

आतां परीक्षा. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा. एन-पी-एन जातीच्या ट्रान्झिस्टरमध्यें तांबडी तार बेसला व काळी तार एमिटरला, मग कलेक्टरला लावली असतां, दोन्ही वेळां ०.५ ते ०.७ च्या आसपास आंकडा यावा. तारा उलट केल्यास कांहींच येऊं नये. कलेक्टर व एमिटर यांच्यामध्यें तर कोणत्याही बाजूनें मार्ग सांपडतां कामा नये. तेथें शून्य आलें तर ट्रान्झिस्टर गेला.

पण ही परीक्षा पट्टीवर बसलेल्या ट्रान्झिस्टरची घेतली तर मीटर फसवितो. शेजारची ट्रान्स्फॉर्मरची गुंडाळी वाट करून देते आणि निर्दोष भागही दोषी दिसतो. म्हणून डाख वितळवून पाय मोकळे करावेत. कित्येक ट्रान्झिस्टरांच्या पोटांतच डायोड व बारीक रेझिस्टर असतो. अशा वेळीं त्याच क्रमांकाच्या नव्या ट्रान्झिस्टरशीं तुलना करावी. मॉसफेट जातीची गंमत निराळी. मीटरच्या स्पर्शानेंच तो चालू होऊन शॉर्ट झाल्याचा आभास होतो. तिन्ही पाय एकमेकांस टेकवून पुन्हां मोजावें. शिवाय मीटरचा दाब दोन-तीन व्होल्टांचा. तेथें उत्तीर्ण झालेला ट्रान्झिस्टर ३२५ व्होल्टांपुढें कोसळूं शकतो.

मेलेला काढून नवा बसविला आणि लगेच वीज सोडली, तर नवाही पापणी लवते न लवते तोंच जातो. पैसे मात्र दोनदां जातात, आणि ते गिऱ्हाइकाचे! आधीं एकदिश करणारे डायोड, बेस किंवा गेटपाशींचे रेझिस्टर, अंशमात्र ओहमचे बारीक रेझिस्टर, नियंत्रण करणारी चिप आणि सुकलेले छोटे कपॅसिटर तपासावेत. मग विजेच्या वाटेंत, फ्यूजप्रमाणें, साठ किंवा शंभर वॉटचा जुन्या तंतूचा दिवा घालावा. हल्लींचे एलईडी दिवे येथें निरुपयोगी. दिवा क्षणभर लखलखून मंदावला तर ठीक. तो तसाच प्रखर जळत राहिला तर शॉर्ट अजून डबींतच आहे. वीज बंद करावी, कपॅसिटर पुन्हां रिकामा करावा, आणि डायोडांपासून शोध परत सुरू करावा.