नोकरीचा व्हिसा आणि बंदुकीचा ताबा

आपल्या शाळेतून बाहेर पडणारा प्रत्येक कॅडेट एनडीएत जातो असे नाही. कोणी इंजिनिअर होतो, सॉफ्टवेअर कंपनीत लागतो आणि काही वर्षांत अमेरिकेला पोहोचतो. अमेरिका दरवर्षी जे एच-१बी व्हिसा मंजूर करते, त्यांतले सुमारे ७० टक्के भारतीयांच्या वाट्याला येतात. तिथे भर बाजारात बंदुकांचे दुकान असते. ऑफिसमधला मित्र सहज म्हणतो, "शनिवारी फायरिंग रेंजवर येतोस का?" ज्याने शाळेत पॉइंट टू-टू रायफलने गोळ्यांचा ग्रुप जमवला आहे, त्याचे हात शिवशिवणारच. ज्या पालकांचा मुलगा किंवा मुलगी आज तिकडे आहे, त्यांनीही पुढचा मजकूर वाचावा.

अमेरिकेत बंदूक कोणालाही मिळते, असा आपल्याकडे समज आहे. नागरिकापुरता तो बराचसा खरा आहे. १७९१ साली त्यांच्या राज्यघटनेत झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. केंद्रीय कायद्यानुसार परवानाधारक दुकानातून रायफल किंवा शॉटगन १८व्या वर्षी आणि पिस्तूल २१व्या वर्षी विकत घेता येते. ग्रीन कार्ड असलेला परदेशी माणूस या बाबतीत जवळपास नागरिकासारखाच धरला जातो. भारतात याच्या उलट आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे आधी परवाना आणि मग शस्त्र.

एच-१बी मात्र तात्पुरता व्हिसा आहे. एका वेळी ३ वर्षे, साधारणपणे एकूण ६ वर्षे. अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास बंदी आहे. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यात गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, अमली पदार्थांचे व्यसनी, देशात बेकायदा राहणारे अशांची एक यादी आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये तात्पुरत्या व्हिसावरचे परदेशीही त्या यादीत घातले गेले. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १९९७ मध्ये, पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या एकाने न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या सज्जावर गोळीबार केला होता. पिस्तूल त्याने देशात आल्यावर थोड्याच आठवड्यांत फ्लोरिडातल्या दुकानातून घेतले होते.

कायद्यातला महत्त्वाचा शब्द 'मालकी' हा नाही, 'ताबा' हा आहे. कॅडेटला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. कोतमधून सही करून घेतलेली रायफल तुमच्या मालकीची नसते, पण परत जमा करेपर्यंत ती तुमच्या ताब्यात असते आणि जबाबदारी तुमची असते. अमेरिकेचा कायदा नेमका तसाच पाहतो. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेले पिस्तूल हाही ताबा झाला. खिशातला काडतुसांचा डबा हासुद्धा ताबाच. "मी विकत कुठे घेतले?" हे उत्तर तिथे चालत नाही. जोडीदाराच्या एच-४ व्हिसालाही हाच नियम लागू आहे.

या बंदीला थोडे अपवाद आहेत. परदेशी सरकारांचे अधिकृत प्रतिनिधी हा एक. कायदेशीर शिकारीसाठी किंवा क्रीडास्पर्धेसाठीच देशात प्रवेश दिलेले लोक हा दुसरा. नोकरीसाठी गेलेल्याच्या उपयोगाचा अपवाद एकच, अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना. असा चालू परवाना हातात असेल तर तात्पुरत्या व्हिसावरचा माणूसही बंदूक घेऊ शकतो आणि बाळगू शकतो. शिकारीचे परवाने तिथली राज्ये देतात आणि त्याआधी बहुधा सुरक्षित शिकारीचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

दुकानात ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म भरावा लागतो. तात्पुरत्या व्हिसावर आहात का आणि असल्यास कोणता अपवाद लागू होतो, हे त्यात स्पष्ट विचारलेले असते. देशात प्रवेश करताना मिळालेला क्रमांकही लिहावा लागतो. खोटी माहिती हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बंदी असताना ताबा ठेवल्यास २०२२च्या दुरुस्तीनंतर १५ वर्षांपर्यंत. शिवाय शस्त्राच्या गुन्ह्यात दोष सिद्ध झाला की मायदेशी पाठवणी होऊ शकते. म्हणजे नोकरी, घर आणि ग्रीन कार्डची वर्षानुवर्षांची वाट हे सगळेच पणाला लागते.

केंद्राचा कायदा पार केला की राज्याचा उभा असतो. इलिनॉय राज्यात बंदूकच नव्हे, काडतुसे घ्यायलाही राज्याचे ओळखपत्र लागते. आपली बरीच मंडळी राहतात त्या न्यू जर्सीतही खरेदीसाठी वेगळे ओळखपत्र आहे. कॅलिफोर्नियात पैसे भरल्यावर १० दिवस थांबावे लागते. टेक्सासमध्ये यातले काही नाही, म्हणून तिथल्या मित्राचा सल्ला न्यू जर्सीत उपयोगी पडत नाही.

शिकारीच्या परवान्याचा अपवाद मला स्वतःला विचित्र वाटतो. परवाना हरणाच्या शिकारीचा असला तरी त्यावर पिस्तूलही घेता येते. ६ डिसेंबर २०१९ रोजी फ्लोरिडातील पेन्साकोला नौदल हवाई तळावर सौदी हवाई दलाच्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याने गोळीबार केला. त्यात ३ अमेरिकन नौसैनिक ठार झाले. त्याच्या हातातले ग्लॉक पिस्तूल चोरीचे नव्हते. शिकारीचा परवाना दाखवून, याच अपवादाखाली, त्याने ते दुकानातून विकत घेतले होते. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्याकडे शिकायला येणाऱ्या परदेशी लष्करी विद्यार्थ्यांना खासगी शस्त्र बाळगण्यास मनाई केली. नागरी कायद्यातला अपवाद मात्र तसाच राहिला. आपल्यापैकी कोणी उद्या भारतीय सैन्यातून अमेरिकेत कोर्ससाठी गेले, तर हा फरक त्यांना ठाऊक असायला हवा.

नोकरदार माणूस अडकतो तो बहुतेक तारखांत. शिकारीचे परवाने बहुधा वर्षभराचेच असतात. परवाना संपला, नूतनीकरण राहून गेले, की कपाटातली कायदेशीर बंदूक त्याच दिवसापासून बेकायदा ठरते. बंदूक तीच, माणूस तोच.

दुसरी तारीख नोकरीची. एच-१बी नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. त्यात नवी नोकरी किंवा दुसरा मार्ग निघाला नाही आणि माणूस तिथेच राहिला, तर तो 'तात्पुरत्या व्हिसावरचा' न राहता 'बेकायदा राहणारा' होतो. या दुसऱ्या गटाला शिकारीच्या परवान्याचा अपवाद लागूच नाही.

हे कागदावरचेच भय नाही. संयुक्त अरब अमिरातीतून फ्लोरिडात शिकायला आलेल्या हमीद रहीफ या तरुणाचे नाव कॉलेजने कमी केले आणि त्याचा विद्यार्थी व्हिसा निरुपयोगी झाला. तो तिथेच राहिला, एका फायरिंग रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला आणि त्यासाठी दोषी ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जून २०१९ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी निकाल लागला, की आपण बंदी असलेल्या गटात आहोत हे आरोपीला माहीत होते, हेही सरकारने सिद्ध केले पाहिजे. काहींनी यातून 'मला नियम ठाऊक नव्हता म्हटले की सुटका' असा अर्थ काढला. तो चुकीचा आहे. न्यायालय विचारते ते स्वतःच्या स्थितीचे ज्ञान, कायद्याचे नव्हे. आणि पासपोर्टवर एच-१बीचा शिक्का घेऊन फिरणाऱ्याला आपला व्हिसा कोणता हे माहीत नव्हते, असे कोण मानणार?

ग्रीन कार्डसाठी अर्ज केला आहे, एवढ्याने हे चित्र बदलत नाही. भारतीयांची रांग फार लांब आहे आणि कार्ड हातात पडेपर्यंत एच-१बीवर राहणाऱ्याला तात्पुरत्या व्हिसाचाच नियम लागू असतो. तोवर रेंजवर जायचेच असेल, तर आधी शिकारीचा परवाना काढावा, तो सोबत ठेवावा, त्यावरची शेवटची तारीख पाहावी आणि त्या राज्याचे नियम तिथल्या वकिलाकडून समजून घ्यावेत. मित्राने ऐनवेळी पिस्तूल पुढे केले, तर हात मागे घ्यावा.