ताई-दादांच्या झोपेचं वेळापत्रक

पाचगणी, मे महिना, सकाळचे साडेआठ. एका निवासी शाळेला सुटी लागली आहे आणि तिची इमारत ख्रिस्ती मंडळीच्या मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी मिळाली आहे. मुलं उद्या येणार आहेत: नगर, जालना, मिरज, सोलापूर अशा चार दिशांनी. आज आलेत ते फक्त त्यांना सांभाळणारे ताई-दादा. सभागृहातल्या सतरंजीवर ते बसले आहेत. कुणी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुणी डी.एड. करून नोकरीच्या शोधात, कुणी एमआयडीसीतल्या कारखान्यातून रजा टाकून आलेला. कोपऱ्यात पेटी, ढोलकी आणि गिटार एकाच चादरीखाली झाकून ठेवली आहेत. खिडकीबाहेर सिल्व्हर ओकची रांग. स्वयंपाकघराकडून कांदा परतल्याचा वास येतो आहे.

शिबिरप्रमुख बाई निवृत्त शिक्षिका आहेत. "जय ख्रिस्त" म्हणून त्या उभ्या राहतात, छोटी प्रार्थना करतात आणि प्रत्येकाच्या हातात दोन कागद देतात, एक पांढरा आणि एक पिवळा.

"पांढऱ्यावर शिबिराला तुमच्याकडून काय हवंय ते लिहिलंय," बाई सांगतात. "पिवळ्यावर तुम्ही शिबिराकडून काय घ्यायचं ते. सही दोन्हींवर करायची."

पांढरा कागद आधी. आठ मुलांच्या गटाला दोन मोठी माणसं. मुलांच्या आधी उठायचं, मुलांच्या पंगतीतच जेवायचं. मारायचं नाही, रंगावरून, वजनावरून, आडनावावरून चिडवायचं नाही आणि चिडवू द्यायचंही नाही. मोबाईल कार्यालयातल्या डब्यात. मुलांचे फोटो स्टेटसला लावायचे नाहीत. औषध द्यायचं ते फक्त नर्सताईंनी. कुठल्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकट्यानं थांबायचं नाही; बोलायचं असेल तर बाकीच्यांना दिसेल अशा जागी, व्हरांड्यात किंवा झाडाखाली.

शेवटच्या कलमाशी बाई थांबतात. "शेवटच्या रात्री समर्पणाची उपासना असते. किती मुलांनी हात वर केले, कुणाच्या गटातले जास्त, हे कुणी मोजायचं नाही. मुलाच्या मनात काय घडतं ते प्रभूचं काम. ते तुमच्या अंगावर घेऊ नका आणि मुलावर लादूही नका."

मागे बसलेली दोघं-तिघं एकमेकांकडे बघतात. मला त्यांचं बघणं कळतं. शिबिराचं यश हातांवर मोजायची सवय आपल्या मंडळ्यांत जुनी आहे. एखाद्या गटातल्या कुणीच हात वर केला नाही, तर त्या गटाची ताई रात्रभर स्वतःला दोष देत जागी राहते. ते ओझं तिनं उचलायचंच नाही, असं आज कुणीतरी स्पष्ट सांगतं आहे.

"आता एक विचारते," बाई म्हणतात. "मूल म्हणालं, 'ताई, एक सांगते, पण कुणाला सांगायचं नाही.' काय कराल?"

थोडी चुळबुळ. मग जालन्याची ताई म्हणते, "वचन द्यायचं नाही."

"बरोबर. 'तुला सुरक्षित ठेवायला लागेल तेवढ्याच माणसांना सांगेन,' एवढंच म्हणायचं. शांतपणे ऐकायचं, उलटतपासणी घ्यायची नाही. मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि लगेच मला गाठायचं." त्या कायदाही सांगतात. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती वा शंका आली, तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. "आणि कळवून झालं की तुमचा गट दुसरी ताई घेईल. तुम्ही पाळकीणबाईंजवळ जाऊन बसायचं. असलं काही ऐकून कुणी एकट्यानं रात्र काढायची नाही."

आता पिवळा कागद. तो वेळापत्रक आहे, पण ताई-दादांचं. प्रत्येकाच्या नावापुढे रोजचा दीड तास मोकळा, आणि त्या वेळेत गट कोण सांभाळणार त्याचं नाव. रात्रपाळी एक दिवसाआड. पाळी नसेल त्या रात्री सात तास झोप. जेवण बसूनच. घरी फोन करायला रोज वेळ. सकाळी स्वतःसाठी शांत वेळ, त्यात धड्याची तयारी करायची नाही. स्वतःची औषधं, दमा, फिट्स, मधुमेह असं काही असेल तर नर्सताईंना आजच सांगायचं. मुलींसाठी गरम पाण्याची पिशवी आणि पॅड कुठे ठेवलेत, तेही लिहिलं आहे. सगळ्यांत खाली एक ओळ: पाळकीणबाईंकडे एकही गट नाही, त्यांचं काम तुमचं ऐकणं.

सोलापूरचा दादा हात वर करतो. उंचापुरा आहे. अभिनयगीतं तोच घेतो. "बाई, आम्ही सेवेला आलोय. झोप काय, घरी गेल्यावर काढू की."

हशा पिकतो. पुष्कळ माना डोलतात. बाई हसत नाहीत आणि रागावतही नाहीत.

"एलीया आठवतो? रतामाच्या झुडपाखाली पडलेला?"

"हो."

"कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आला आणि देवाला म्हणाला, आता मरण दे. देवदूत आला. त्यानं पहिल्यांदा काय केलं? उपदेश?"

दादा आठवून सांगतो. "भाकर दिली. पाणी दिलं."

"आणि तो पुन्हा झोपला. देवदूतानं झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवलं तेही खायलाच. होरेबाची वाट त्यानंतरची. आपण मुलांना ही गोष्ट फलकावर चित्रं लावून शिकवतो. ती आपल्यालाही लागू आहे."

दादा सही करतो. पण मान अजून पुरती डोललेली नाही.

बाई आणखी एक खूण ठरवून देतात. एखादी ताई किंवा एखादा दादा चिडायला लागला, हरवल्यासारखा दिसला, की दुसऱ्यानं जवळ जाऊन एवढंच म्हणायचं, "पाणी पिऊन या." ज्याला म्हटलं त्यानं वाद न घालता निघायचं. लहान-मोठा बघायचा नाही. मिरजेचा मदतनीस मुलगा सतरा वर्षांचा आहे, त्यालाही हा अधिकार. त्याच्या नावापुढे रात्रपाळी नाही. अठरा पूर्ण झाली नसल्यानं कायद्याच्या लेखी तोही बालकच आहे, म्हणून त्याच्यावरही कुणाची तरी नजर हवी, असं बाई सगळ्यांदेखत सांगतात.

शिबिराचा तिसरा दिवस. दुपारचे दोन. मुलं खोल्यांत आडवी झाली आहेत. कुजबुज आणि खिदळणं ऐकू येतं आहे. जालन्याची ताई पायरीवर बसून कार्डपेपरचे मासे कापते आहे. टाचांना चिकटपट्ट्या लावलेल्या, डोळे लालसर. हा तिचा मोकळा वेळ आहे. शेजारी पन्नासेक मासे रचलेले, तरी कागदाचा गठ्ठा बाकी आहे.

बाई येतात, शेजारी बसतात आणि कात्रीसाठी हात पुढे करतात.

"बाई, संध्याकाळच्या धड्याला कमी पडतील हो."

"मग मुलं कापतील. दहा-दहा वर्षांची आहेत, कात्री धरता येते त्यांना. तू जा."

ताई उठते. जरा वेळानं मी ताईंच्या खोलीवरून जातो, तेव्हा ती ओढणी तोंडावर घेऊन गाढ झोपलेली आहे. संध्याकाळी मुलं खरंच मासे कापतात. काही माशांना शेपट्या दोन आहेत. धडा नीट पार पडतो.

त्याआधी चार वाजता वळीव कोसळतो. मैदानावरचे खेळ सभागृहात येतात. ओले बूट, पत्र्यावरचा पाऊस, शिट्ट्या, ओरडा. सोलापूरच्या दादाचा आवाज बसला आहे. दोन दिवस त्यानं आपला मोकळा वेळ घेतलेला नाही. कुणाचं ना कुणाचं काम अंगावर घेत राहिला. एक बारका मुलगा पळताना टेबलाला धडकतो आणि सरबताचा जग दादाच्या वहीवर उपडा होतो. गाण्यांचे क्रम, मुलांची नावं, सगळं लाल पाण्यात.

दादा वळतो. उजवा हात खांद्याच्या वर जातो. मुलगा डोळे घट्ट मिटून मान आत ओढतो. हात तिथेच थांबतो, पण मुलगा डोळे उघडत नाही.

मिरजेचा मदतनीस गर्दीतून येतो. दादाच्या कोपराला हात लावून हळू म्हणतो, "दादा, पाणी पिऊन या."

क्षणभर काय होईल सांगता येत नाही. दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस, सगळ्यांसमोर. मग दादा हात खाली घेतो आणि निघून जातो. मदतनीस गुडघ्यावर बसून त्या मुलाबरोबर फरशी पुसायला लागतो. दादा दिसतो तो थेट उपासनेच्या आधी, चेहरा धुतलेला, झोप झालेली. तो त्या मुलाला शोधून काढतो, व्हरांड्यात त्याच्यासमोर उकिडवा बसतो आणि म्हणतो, "मी चुकलो. तू मुद्दाम नाही सांडलंस." मुलगा पुन्हा पुन्हा मान हलवतो, मग विचारतो, "वही वाळली का?"

मारायचं नाही हा पांढऱ्या कागदावरचा नियम आणि मोकळा वेळ घ्यायचा हा पिवळ्या कागदावरचा नियम, हे दोन वेगळे नियम नाहीतच. पिवळा पाळला नाही की पांढरा मोडायला वेळ लागत नाही. हा दादा मनानं वाईट नाही. सगळ्यांत जास्त राबणारा आहे आणि म्हणूनच सगळ्यांत आधी थकला.

हे फार आधी नोंदलं गेलं आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली कार्यकर्त्यांच्या 'बर्नआउट'वर लेख लिहिला, तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यातल्या अनुभवातून. तिथे लोक तळमळीनं काम करायला येत, तो स्वतः त्यांच्यातच होता, आणि झोकून देणारेच आधी कोलमडतात हे त्यानं पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना तो आजार नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणातून येणारी अवस्था, असं म्हटलं. आठवडाभराच्या एका शिबिरानं माणूस मोडत नाही. पण या ताई-दादांचं वर्ष बघा. संडे स्कूल, तरुण संघ, गायनमंडळ, नाताळचं नाटक, मे महिन्यातली सुटीतली बायबल शाळा आणि त्यावर हे शिबिर. प्रत्येक मंडळीत तीच चार-पाच तरुण माणसं सगळीकडे असतात. त्यांना 'नाही' म्हणायला आपण शिकवत नाही. 'नाही' म्हटलं तर त्यांचा विश्वास कमी पडला असं समजतो.

रात्री पावणेदहा. मुलं झोपली आहेत, पाळीवरचे दोघं व्हरांड्यात आहेत. बाकीचे स्वयंपाकघराच्या लांब टेबलाशी कपात दूध घेऊन बसले आहेत. पाळकीणबाई एकच विचारतात, "आज काय जड गेलं?" प्रत्येकानं एक-दोन वाक्यं बोलायची. एकीच्या गटातली मुलगी रोज रात्री आईसाठी रडते. एकाचे वडील दवाखान्यात आहेत, आणि हे तो इथे पहिल्यांदाच बोलतो आहे. पाळकीणबाई त्याला उठवतात, कार्यालयातून त्याचा मोबाईल आणून देतात आणि बाहेर जाऊन घरी बोलून यायला सांगतात.

सोलापूरच्या दादाची पाळी येते. आवाज घोगरा. "आज माझा हात उठला होता."

कुणी उपदेश करत नाही. बाई वही उघडतात. "उद्या सकाळची गाणी जालन्याची ताई घेईल. तू सात वाजेपर्यंत झोपायचं. कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या, बोलणं कमी."

"हो बाई."

मदतनीस गप्प बसला आहे. दादा टेबलावरून हात लांब करून त्याच्या पाठीवर थाप मारतो. वीस मिनिटांत बैठक संपते. बाई कुणाला रेंगाळू देत नाहीत. दिवे मालवायची वेळसुद्धा पिवळ्या कागदावर लिहिलेली आहे.

मार्कच्या शुभवर्तमानात येशूचे शिष्य प्रवास करून, शिकवून, लोकांना बरं करून परत येतात. माणसांची ये-जा इतकी की त्यांना जेवायलाही सवड नाही. येशू त्यांना शाबासकी देऊन पुढच्या गावी धाडत नाही; बाजूला नेतो, विसाव्यासाठी. शिष्यांनी सवड मागितली असं तिथे लिहिलेलं नाही. त्यांची दमणूक बघणं आणि त्यांना हलवणं हे काम गुरूनं स्वतःकडे घेतलं. म्हणूनच 'स्वतःची काळजी घ्या' एवढं सांगून शिबिरप्रमुखाची जबाबदारी संपत नाही. तरुण माणूस स्वतःहून थांबत नाही. त्याच्या जागी कोण उभं राहणार ते नाव लिहून द्यावं लागतं, प्रसंगी हातातली कात्री काढून घ्यावी लागते.

पुढच्या मे महिन्यासाठी मंडळीच्या समित्या नाताळ झाला की बसायला लागतील. बॅनर, टी-शर्ट, बस, किराणा यांचे आकडे मांडले जातील. त्याआधी एक आकडा मांडा: प्रत्येक दोन गटांमागे एक जादा माणूस, ज्याच्याकडे स्वतःचा गट नाही आणि जो इतरांना विसावा देईल. तेवढी माणसं मिळत नसतील तर मुलांचा आकडा कमी करा. उरलेल्या मुलांसाठी दुसरं शिबिर घ्या. आणि ताई-दादा घरी परततील त्या आठवड्यात त्यांना संडे स्कूलची पाळी देऊ नका. आपण आपली मुलं त्यांच्या स्वाधीन करतो. त्यांना पुरेशी झोप आणि बसून खाल्लेलं जेवण देणं हे आपल्या मुलांच्या सुरक्षिततेचं पहिलं काम आहे.