मे महिन्यातला आंबा, श्रावणातला खाऊ

मे महिना संपत आला की जव्हार-मोखाड्यात आंब्याला किंमत उरत नाही. रायवळाच्या झाडाखाली सडा पडलेला असतो. बायफ संस्थेच्या वाडी कार्यक्रमातून डोंगरउतारांवर उभ्या राहिलेल्या वाड्यांतला आंबाही याच सुमारास पिकतो. पहिला पाऊस कोसळला की फळांवर डाग पडतात, अळी धरते आणि उरलेला माल गुरांपुढे जातो. त्यानंतर दोनच महिन्यांनी, श्रावणात, त्याच घरातल्या मुलाच्या हातात पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट दिसते.

या दोन महिन्यांतले अंतर साधे नाही. पावसाळ्यात घरातली नाचणी-वरई तळाला गेलेली असते, आई दिवसभर लावणीवर असते आणि धाकटे मूल मोठ्या भावंडाच्या कडेवर. जुलाब आणि तापाच्या साथीही याच काळात येतात. 1992-93 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वावर-वांगणीचे नाव बालमृत्यूंमुळे राज्यभर पोहोचले. त्यानंतर योजना आल्या, 2014 मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत अंडी-केळी मिळू लागली. तरीही पावसाळ्यात मुलांचे वजन घसरते हा तिथला जुना अनुभव आहे. अंगणवाडीचा आहार मुलाला मिळालाच पाहिजे. इथे प्रश्न आहे तो दोन जेवणांच्या मधल्या वेळेत घरात काय हाताशी असते, याचा.

लहान मुलाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण 30 मिलिलिटर अन्न मावते. म्हणजे आठ किलोचे मूल वाटी-सव्वा वाटी पेज पिऊन तृप्त होते, पण त्या पातळ पेजेत बहुतेक पाणीच असते. पोट भरते, शरीराला इंधन कमी पडते. म्हणून अशा मुलाला थोड्या जागेत जास्त कॅलरी देणारे अन्न हवे, आणि फळ वाळवले की नेमके तेच होते. पिकलेल्या आंब्यात शंभर ग्रॅममागे ऐंशी ग्रॅमच्या वर पाणी असते आणि कॅलरी साठच्या आसपास. पाणी गेल्यावर त्याच वजनाच्या सुक्या फोडींत तीनशेच्या वर कॅलरी भरतात. पाणी नसल्याने बुरशी आणि जिवाणूंनाही वाढता येत नाही. फळ टिकते ते एवढ्यामुळेच; त्यासाठी कोणतेही रसायन लागत नाही.

वाळवणे ही या भागाला शिकवायची गोष्ट नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचलेली मोहाची फुले अंगणात वाळतातच. सुक्या मोहफुलाचे निम्म्याहून अधिक वजन साखरेचे असते. टंचाईच्या दिवसांत ती उकडून, भाजून खाल्ली जात. आता मोहाचे नाव काढले की लोकांना दारूच आठवते, हा त्या फुलावर अन्यायच आहे. कैरीच्या सुक्या फोडी, आंबोशी, आमटीत पडते. तिच्या आंबटपणामुळे धान्य-डाळीतले लोह आतड्यात शोषले जायला मदत होते, असे आमचुरावरच्या प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसले आहे.

मात्र सुके फळ म्हणजे टॉनिक नव्हे. क जीवनसत्त्व उन्हात बरेचसे नष्ट होते. आंब्याचा पिवळा रंग ज्यातून येतो आणि ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते कॅरोटीनही थेट उन्हाने कमी होते. फोडींवर कापड झाकले तर त्यातले जास्त टिकते. प्रथिने तर नावालाच. त्यामुळे नुसती आंबापोळी खाऊन मूल बाळसे धरणार नाही. तिला शेंगदाण्याची जोड हवी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात आणि जवळपास निम्मे वजन तेलाचे. ते तेल कॅरोटीन शोषायलाही उपयोगी पडते. दोन भाग भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट आणि एक भाग बारीक केलेला सुका आंबा किंवा भाजलेली मोहफुले एकत्र कुटली की गूळ न घालताही लाडू वळतो. तीस ग्रॅमच्या एका लाडवात सुमारे 140 कॅलरी आणि पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. घरचा काजू असेल तर तोही घालावा. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे काढून टाकावेत. त्यांच्यावरच्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही.

आता कृती. फळ पिकलेले पण घट्ट घ्यावे, आधी धुवावे, मग कापावे. फोडी अर्धा सेंटीमीटर जाडीच्या आणि एकसारख्या हव्यात. जाड-बारीक झाल्या की काही कडक होतात, काही ओल्या राहतात. लिंबाच्या पाण्यात बुडवून काढल्या की काळ्या पडत नाहीत. सुपात किंवा बांबूच्या चटईवर, जमिनीपासून उंचावर, वर जुन्या धुतलेल्या सुती साडीचे आवरण. रस्त्याच्या कडेला नको, धूळ आणि धूर दोन्ही बसतात. पत्र्यावर थेट नको, आंबट रस धातू उतरवून घेतो. पहिल्याच दिवशी फार कडक आच लागली तर फोड बाहेरून सुकते आणि आत ओल कोंडते, अशीच फोड पुढे बुरसते. रात्री दव पडण्याआधी सूप घरात घ्यावे. आंबापोळीसाठी रस ताटात पातळ पसरावा, पहिला थर सुकल्यावर दुसरा. साखर घालायची गरज नाही, आंब्याची स्वतःची पुरते.

दोन-तीन कडक उन्हांनंतर फोड मोडून पाहावी. दाबल्यावर ओल सुटू नये, बोटाला चिकटू नये. मग काचेची बरणी दोन-तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवावी. आतून थेंब दिसले तर पुन्हा उन्हात. हा टप्पा बहुतेक घरांत गाळला जातो, आणि जव्हारसारख्या साडेचारशे मीटर उंचीवरच्या, धो-धो पावसाच्या आणि धुक्याच्या गावात तोच महत्त्वाचा. जुलैच्या हवेत उघडी राहिलेली बरणी काही दिवसांत सर्द होते. म्हणून एका मोठ्या बरणीऐवजी चार लहान बरण्या बऱ्या. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग खरवडून उरलेले मुलांना देऊ नये. ती बरणी टाकावी.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध. त्यानंतर सुका आंबा भिजवून, कुस्करून, दाण्याच्या बारीक कुटासह नाचणीच्या घट्ट पेजेत मिसळावा. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा, काजू किंवा चिवट फोड देऊ नये, ती श्वासनलिकेत अडकू शकते. मोठ्या मुलांनी खाल्ल्यावर चूळ भरावी, ही चिकट साखर दातांत बसते. शहरातल्या मधुमेही वाचकांनी दोन फोडींवर थांबावे. वाळवलेला आंबा नैसर्गिक असला तरी साखर ती साखरच.

आणि ज्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरतो, ज्याच्या दोन्ही पावलांवर सूज आहे किंवा जे खायलाच तोंड उघडत नाही, त्याला लाडू भरवत घरी थांबू नये. अंगणवाडी सेविकेच्या पट्टीने माप घेऊन त्याला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. अशा मुलाला ठरावीक मात्रेतला उपचारात्मक आहार आणि तपासणी लागते. घरची बरणी तो परत आल्यावर उघडावी.